भाग गेला, पण बाकी कळली का?

शिष्यवृत्ती परीक्षा असो की पोलीस भरती, विभाज्यतेचा आणि बाकीचा एखादा प्रश्न ठरलेलाच. बहुतेक मुले तो पाठ केलेल्या कसोट्यांवर सोडवतात. कसोटी का चालते हे माहीत नसले की ती कुठे थांबते हेही कळत नाही, आणि पेपर काढणारे नेमके तिथेच प्रश्न विचारतात.

‘४ ने आणि ६ ने भाग गेला, म्हणजे २४ ने जाणारच’ हे विधान घ्या. ३६ ला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो, पण २४ ने जात नाही. ४ आणि ६ मध्ये २ हा अवयव सामाईक असल्याने खात्री फक्त त्यांच्या लसाविची, म्हणजे १२ ची. २४ साठी ३ आणि ८ ही जोडी तपासावी, कारण त्या दोन्ही सहमूळ आहेत.

अंकांच्या बेरजेवर तर भलताच विश्वास असतो. ती ३ आणि ९ साठी चालते, म्हणून २७ लाही लावली जाते. १८९९ मधील अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. १०, १००, १००० यांपैकी कशालाही ९ ने भागले तरी बाकी १ च येते. बेरजेची कसोटी उभी आहे ती यावर. २७ ने १० ला भागल्यास बाकी १ येत नाही, तिथे आधारच संपतो. अंकांची जागा बदलली तरी ९ ची बाकी तीच राहते, म्हणून अशा दोन संख्यांच्या वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या अशाच वजाबाक्यांतून येते. तिला ९ ने भागून पाहा, ६८६ येतील.

माझ्या मते सर्वांत जास्त गुण घालवणारा गैरसमज वेगळाच आहे: भाग जातो की नाही हे सांगणारी कसोटी बाकीही सांगते, हा. ७ ची प्रचलित कसोटी अशी: शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ३४३ साठी ३४ − ६ = २८, म्हणजे भाग जातो. उत्तर बरोबर. आता १०० घ्या. १० − ० = १०, आणि १० ला ७ ने भागल्यास बाकी ३. पण १०० ची खरी बाकी २ आहे! या कृतीत एकक स्थान काढून टाकल्यामुळे मूळ बाकी बदलते. फक्त शून्य बाकी शून्यच राहते. बाकीच हवी असेल तर १००१ = ७ × ११ × १३ हे लक्षात ठेवावे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-वजा करायचे. ४५,६७८ साठी ६७८ − ४५ = ६३३, आणि ७ ने भागल्यावर बाकी ३. मूळ संख्येचीही तीच.

घाईत ९० ÷ १२ चे १५ ÷ २ करून बाकी १ लिहिणारेही पुष्कळ. भागाकार तोच येतो, पण बाकीही ६ पटीने लहान झालेली असते. तिला ६ ने गुणले की खरी बाकी, ६, मिळते.

‘लसावि काढा आणि बाकी मिळवा’ हे सूत्र बाकी सारखी असतानाच चालते. ४, ५, ६ ने भागल्यावर दरवेळी १ उरत असेल तर ६१. ३, ४, ५ उरत असतील तर प्रत्येक वेळी १ कमी पडतो, म्हणून ५९. पण ५ ने भागून ३ आणि ७ ने भागून ४ उरत असतील तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी. या जातीच्या प्रश्नांसाठी आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त कुट्टकाची रीत दिली. परीक्षेतल्या लहान आकड्यांना मात्र मोजणी पुरते: ७ ने ४ उरणाऱ्या संख्या ४, ११, १८, त्यांत ५ ने ३ उरणारी पहिली १८. पर्यायांत १८ नसेल तर ३५ मिळवत जा: ५३, ८८, १२३.