घरचे पंधरा तास

पहिल्या वर्षाची वही : लेखांक ६

मागच्या आठवड्यात श्रेयांक म्हणजे काय ते पाहिलं. त्यातला अर्धा हिशेब मुद्दाम मागे ठेवला होता. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा एका श्रेयांकाला ३० तास धरतो. थिअरीच्या विषयात त्यातले १५ वर्गातले, उरलेले १५ मुलाने आपले आपण द्यायचे. सत्राला २० ते २२ श्रेयांक असतात, म्हणजे सगळे थिअरीचे धरले तर वर्गाबाहेरचे तीनशेच्या आसपास तास. ते कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेले नसतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीत ते आधी शोधावे लागतात. प्रवेश होतात तोवर धानाची रोवणी तोंडावर आलेली असते. घरात माणूस कमी पडला की फर्स्ट इयरचं पोरगं पहिल्यांदा बांधीत उतरतं. पुढे कापूस, मग धानाची कापणी. खेड्यातून येणाऱ्यांचं घड्याळ एसटी चालवते. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी गोंडी, कट्ट्यावर झाडीबोली, आणि संदर्भग्रंथातली मराठी ही भलतीच. २०११ साली इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाकडून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे आली. विद्यापीठ जवळ आलं हे खरंच, पण अभ्यास कसा करायचा हा प्रश्न होता तिथेच राहिला.

२०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ आणला. नव्या मुलांचा उद्बोधन कार्यक्रम, आणि थोड्या थोड्या मुलांमागे एक मेंटॉर. माझं मत विचाराल तर पुष्कळ ठिकाणी हे नॅकच्या फायलीपुरतं होतं. रजिस्टरवर सह्या एका बैठकीत उरकतात. पण ज्याला हे मेंटॉरचं काम खरंच करायचंय, तो वहीपासून सुरुवात करतो.

पहिल्या महिन्यातली वही उघडा. लाल पेनाने शीर्षक, खाली सरांनी सांगितलेलं सगळं, स्वल्पविरामासकट. अख्ख्या वहीत प्रश्नचिन्ह मात्र एक नाही. ‘वही मिट आणि कालचं सांग’ म्हटलं, की उत्तर येतं, ‘वाचलं तर होतं जी, सर.’ आणि ते खोटंही नसतं. वाचलेलंच असतं, दोनदा वाचलेलं असतं.

यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी तो १९६२च्या ‘हाऊ टू स्टडी इन कॉलेज’ या पुस्तकातून पसरवला. पानावर डावीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारायची. उजवीकडे तासातलं टिपण. डावीकडची जागा तास संपेपर्यंत कोरी. संध्याकाळी त्या टिपणाला विचारता येतील असे प्रश्न तिथे लिहायचे: ‘तैनाती फौज कुणी आणली?’, ‘मागणी वाढली तर किंमत का चढते?’ मग उजवी बाजू हाताने झाकून उत्तर तोंडाने द्यायचं. हे बसस्टँडच्या बाकावरही जमतं.

झाकून का? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. त्या पाच मिनिटांतच फसगत आहे. नुकतं वाचलेलं ओळखीचं वाटतं, आणि मुलगा वही मिटून ‘झालं’ म्हणतो.

रेघ मारायला पैसे लागत नाहीत, पण डावीकडचे प्रश्न कुणीतरी दर आठवड्याला पाहावे लागतात. ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न नव्हे, हे पोराला चार वेळा सांगावं लागतं. आणि हे सांगणारे कोण? तालुक्याच्या कॉलेजांतून शिकवणारे बरेचजण तासिका तत्त्वावर. त्यांना मानधन फळ्यासमोरच्या तासाचं मिळतं. बाकावर शेजारी बसून वही पाहिली, तो तास बिलात धरत नाहीत.

(पुढच्या आठवड्यात : पुस्तकातला परिच्छेद आपल्या बोलीत सांगून पाहणे)