परसबागेचं वर्ष ऑगस्टअखेर उजाडतं

ऑगस्ट संपत आला की अथेन्सच्या आसपासच्या परसबागा पाहून कुणालाही वाटेल, इथलं काम आटोपलं. टोमॅटोची पानं बुडापासून वाळत वर चढलेली, काकडीचे वेल करपलेले, मोकळ्या वाफ्यांतली माती अशी कडक की कुदळ मारली तर नुसती ढेकळं उडतात. तरीही माझं म्हणणं असं, की भाजीचं वर्ष इथे नेमकं याच वेळी सुरू होतं. बागकाम वसंतात सुरू करायचं, ही रीत उत्तर युरोपातली. तिथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि झाडाला अडवते ती फक्त थंडी. भूमध्यसागरी हवामानात अडवणारा ऋतू उन्हाळा आहे. हवेच्या जास्त दाबाचा उपोष्ण पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो आणि पावसाची वादळं वरच्या वर निघून जातात. हिवाळ्यात तो दक्षिणेला उतरला की पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांना वाट मोकळी होते. अथेन्सला वर्षाकाठी साधारण 400 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जुलै आणि ऑगस्टच्या वाट्याला जेमतेम विसावा भाग येतो. कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊन, पर्थ, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गत. पाऊस आणि उकाडा हातात हात घालून येताना पाहिलेल्या मराठी माणसाला हे सहज पचत नाही: इथे पावसाळा आणि हिवाळा एकच असतो.

याचा पुरावा झाडांकडेच आहे. या भागात आणि त्याला लागून असलेल्या पश्चिम आशियात माणसाने जी पिकं प्रथम हाताशी धरली, ती गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा. शरदातल्या पावसावर रुजायचं, थंडीत मुळं पसरायची आणि कडक ऊन पडायच्या आत दाणा भरून मोकळं व्हायचं, असा त्यांचा साधारण क्रम. आपल्याकडे हरभरा काळ्या रानात रब्बीला, मुरलेल्या ओलीवर येतो, तो हाच स्वभाव घेऊन. आर्टिचोक उन्हाळ्यात जमिनीवर वाळून जातं आणि शरदात बुडातून पुन्हा फुटतं. क्रीटच्या डोंगरउतारांवर बायाबापड्या रानभाज्या खुडतात त्याही पहिल्या पावसानंतर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक वनस्पती-अभ्यासक थिओफ्रास्टसने भाज्यांच्या पेरणीचे तीन हंगाम सांगितले. त्यातला हिवाळी हंगाम उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उलटल्यावर सुरू होतो, आणि कोबी, मुळा, सलगम त्याच्यात येतात. याउलट ज्यांच्यावाचून आज ग्रीक किंवा इटालियन जेवणाची कल्पना करवत नाही ते टोमॅटो, मिरची, फरसबी, झुकिनी हे सगळे अमेरिका खंडातून कोलंबसानंतर आलेले पाहुणे. वांगं त्याआधी पूर्वेकडून अरबांबरोबर आलं. यातली बहुतेक मंडळी उन्हाळी पावसाच्या मुलखातली.

यावर लगेच कुणी म्हणेल, पाहुणे असोत, पण टोमॅटो तर इथे उन्हाळ्यातच उत्तम येतो. येतो, पण पाटाच्या किंवा नळाच्या पाण्यावर. भर उन्हाळ्यात भरलेल्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. पाणी देऊनही पारा 35 अंशांच्या वर राहिला की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. सांतोरिनी बेटावर टोमॅटो बिनपाण्याचा होतो, हे उदाहरण माझ्याविरुद्ध नेहमी पुढे केलं जातं. तिथली पेरणी हिवाळा सरता सरता होते. ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत मुरलेला हिवाळी पाऊस आणि रात्रीचा दमटपणा यांवर रोप जगतं आणि बारीक, जाड सालीचं फळ देतं. म्हणजे तो टोमॅटोही हिवाळ्याच्याच पाण्यावर पोसलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थंडीत भाजी वाढते कुठे? अथेन्सच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो, आणि त्या काळात बहुतेक पालेभाज्या जागच्या जागी थांबल्यासारख्या होतात. पण म्हणूनच घाई ऑगस्टची. त्या थांब्यापूर्वी रोप अंगाने भरलेलं असेल तर थंडीभर त्याची पानं खुडता येतात. ऑक्टोबरअखेर लावलेला कोबी मात्र मार्चपर्यंत तसाच बसून राहतो आणि दिवस वाढू लागले की गड्डा धरायचा सोडून फुलावर जाण्याचा धोका असतो. म्हणून कोबी-फ्लॉवरची रोपं भर उन्हाळ्यात सावलीत तयार करायची. लेट्यूस त्याहून नाजूक: माती तिशीच्या वर तापली की बी रुजायचं नाकारतं. ते संध्याकाळी पेरायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि कोंब दिसताच उचलायचं. पहिला दमदार पाऊस पडून जमीन वाफशावर आली की फावा बीन, वाटाणा, लसूण थेट मातीत. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी राहणारी मराठी घरं मेथी-कोथिंबीर हौसेने मे महिन्यात पेरतात, आणि लांबलेल्या दिवसांत ती पानांऐवजी फुलावर जाते. तीच सप्टेंबरअखेर पेरली तर जुडीला जुडी निघते.

आता पाऊसच वेळेवर येत नाही, हा तिसरा मुद्दा. खरा आहे. येतो तेव्हा कधीकधी भलताच येतो: सप्टेंबर 2023 मध्ये डॅनियल वादळात ग्रीसमधल्या झागोरा गावी एका दिवसात 750 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि थेसालीचं मैदान पाण्याखाली गेलं. एवढ्या पुरापुढे कुठलीच युक्ती चालत नाही. पण एरवीच्या लहरी पावसासाठी पेरणी वसंतात ढकलून काही साधत नाही, कारण वसंतानंतरचा कोरडा काळ तर ठरलेलाच आहे. बदलायची ती कामाची पद्धत: थेट बियांऐवजी रोपं, पाणी निघून जावं म्हणून गादीवाफे, सरींवर काडाचं आच्छादन, आणि पहिले दोन आठवडे आपल्या हाताने दिलेलं पाणी. उन्हाळ्यासाठी साठलेलं पाणी मोजायचं, टोमॅटोची रोपं त्या हिशेबाने लावायची. बाकीचे वाफे मे-जूनमध्ये काढणी झाली की जाड काडाखाली झाकून ऑगस्टपर्यंत पडू द्यायचे.