अँबेसेडर आणि पद्मिनी : आकड्यांचा अर्थ

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकत असतानाची ही गोष्ट. वडील शाहपुरातील केळीचे बागायतदार. जुनी अँबेसेडर घ्यावी की जुनी प्रीमियर पद्मिनी, हा प्रश्न त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी तत्काळ म्हणालो, "अँबेसेडर. तिची अश्वशक्ती अधिक आहे." उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. ते कसे, हे विद्यार्थिमित्रांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दोन्ही गाड्यांचे मूळ परदेशी. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबेसेडर 1957 पासून 2014 पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार झाली. पद्मिनी ही इटलीच्या फियाट 1100 ची भारतीय आवृत्ती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात ती तयार होई.

आता गणिताकडे वळू. दोन्ही इंजिनांत चार सिलिंडर. अँबेसेडरच्या सिलिंडरचा व्यास 73 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 88.9 मिलिमीटर, पद्मिनीचे हेच आकडे 68 आणि 75. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून चारने गुणावे, म्हणजे अनुक्रमे सुमारे 1,489 आणि 1,089 घन सेंटिमीटर हे उत्तर येते. कारखान्याच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा तो हाच.

घनफळ मोठे आणि धाव लांब असल्याने अँबेसेडरचे इंजिन कमी फेऱ्यांतही चांगली ओढ देते. भरल्या गाडीने इंदूरच्या रस्त्यावरील असीरगडचा चढ चढताना हा गुण कामी येतो. पद्मिनीचे लहान इंजिन अधिक फेऱ्यांवर खुलते; चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो.

मग अँबेसेडर अधिक चपळ म्हणावी काय? नाही. तिची शक्ती सुमारे 50 अश्वशक्ती, पण वजन सुमारे 1,100 किलो. पद्मिनीची शक्ती सुमारे 40, वजन सुमारे 900 किलो. भागाकार करून पाहावा : टनामागे दोघींच्या वाट्याला 45 च्या आसपासच अश्वशक्ती येते! माझ्या उत्तरात हा भाजकच राहून गेला होता.

पद्मिनीची लांबी 3.9 मीटर, अँबेसेडरची 4.3 मीटर. आटोपशीर बांधा आणि पेट्रोलचा बेताचा खर्च यांमुळे मुंबईच्या गर्दीत टॅक्सी म्हणून पद्मिनी रुळली; 2023 मध्ये तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. कोलकात्याने मात्र ऐसपैस अँबेसेडरच पसंत केली. दोन्ही शहरांचा निर्णय आपापल्या जागी योग्य होता.

वडिलांनी माझे गणित शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आजीचे गुडघे वाकत नाहीत. बुऱ्हाणपूरला दवाखान्यात नेताना तिला पाय लांब करून कोणत्या गाडीत बसता येईल?" घरी अँबेसेडर आली. उत्तर माझेच ठरले. कारण मात्र त्यांचे होते. पेट्रोलचा जादा खर्च त्यांनी विनातक्रार सोसला.

आकडे खोटे बोलत नाहीत. पण विचारल्याशिवाय बोलतही नाहीत. गाडी कोणाला, कोठे आणि कशासाठी न्यायची आहे, हे आधी ठरवावे. मग माहितीपत्रक उघडावे.