दृष्टीआड झालेल्यांचा मागोवा

तान्ह्या मुलासमोरील खेळणे त्याच्या देखत रुमालाखाली झाकले, तर साधारणतः आठ महिन्यांपर्यंतचे मूल ते शोधत नाही, असे निरीक्षण स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी नोंदविले होते. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ही जाण मुलाला हळूहळू येते. संगणकाला मात्र ती मुद्दाम द्यावी लागते.

रस्त्यावरील कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे टिपतो. प्रत्येक चित्रातील माणसे व वाहने ओळखून संगणक त्यांना क्रमांक देतो आणि पुढील चित्रात तोच क्रमांक त्याच व्यक्तीकडे राहील, अशी सांगड घालतो. एखादा पादचारी उभ्या बसच्या मागे गेला की ही सांगड तुटते. तो पलीकडून बाहेर पडताच त्यास नवा क्रमांक मिळाला, तर एका माणसाची गणना दोन अशी होते. बसमागे दोघे परस्परांना ओलांडून गेले, तर त्यांच्या क्रमांकांची अदलाबदलही होऊ शकते.

यावर प्रामुख्याने तीन उपाय योजले जातात. पहिला उपाय गतीच्या अनुमानाचा. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीनुसार, वस्तूच्या आजवरच्या गतीवरून तिचे पुढील स्थान वर्तविता येते. वस्तू जितका वेळ अदृश्य राहते, तितकी त्या अनुमानातील अनिश्चितता वाढत जाते, आणि ही वाढही गणितात धरली जाते. दुसरा उपाय रूपाच्या स्मरणाचा. कपड्यांचा रंग, बांधा इत्यादी खुणा जतन करून पुन्हा दिसलेल्या व्यक्तीशी त्या ताडून पाहिल्या जातात. तिसरा उपाय निर्णय लांबणीवर टाकण्याचा. डोनाल्ड रीड यांच्या १९७९ मधील पद्धतीत अनेक शक्यता एकाच वेळी जिवंत ठेवल्या जातात व पुढील पुराव्यानंतर निवड होते.

२०१६ मधील ‘सॉर्ट’ या पद्धतीत वस्तू एका चित्रात जरी आढळली नाही, तरी तिचा माग सोडून दिला जात असे. २०१७ मधील ‘डीपसॉर्ट’मध्ये तो ३० चित्रांपर्यंत राखला गेला आणि रूपाच्या खुणांचीही जोड मिळाली. त्यामुळे चाचणीत क्रमांकांची अदलाबदल सुमारे ४५ टक्क्यांनी घटली.

तथापि सेकंदाला ३० चित्रे टिपली जात असतील, तर ३० चित्रे म्हणजे अवघा एक सेकंद. बस तर कित्येक मिनिटे उभी राहते. एकसारख्या गणवेशातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत रूपाची खूणही तोकडी पडते. बसमागे गेलेला माणूस आल्या पावली परतला, तर गतीचे अनुमान चुकते.

बसमागे गेलेले मूल तेथेच आहे असे मानून वाहनाने वेग कमी केला, तर चुकलेल्या अनुमानाने फारशी हानी होत नाही. परंतु गर्दीत एकाचा क्रमांक दुसऱ्यास चिकटला आणि त्यावरून कारवाई झाली, तर निरपराध व्यक्तीवर बालंट येईल. यास्तव अशा नोंदींत प्रत्यक्ष दिसलेले कोणते व अनुमानाने जोडलेले कोणते, हे वेगळे दर्शविलेले असणे अगत्याचे आहे. तशी नोंद नसेल, तर मूळ चित्रे स्वतः पाहिल्याविना अधिकाऱ्याने निर्णय देऊ नये, हेच श्रेयस्कर होय.