कॉपी पकडली गेली, पुढे काय?

▪ विद्यापीठ : चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरची महाविद्यालये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून 2011 मध्ये ते स्थापन झाले.

▪ परीक्षागृहात : पर्यवेक्षक किंवा भरारी पथक चिठ्ठी, मोबाइल व उत्तरपत्रिका ताब्यात घेते आणि प्रकरण विद्यापीठाकडे जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार चौकशीसाठी परीक्षा व मूल्यमापन मंडळ समिती नेमते. परीक्षार्थीच नव्हे, प्रश्नपत्रिका काढणारे व तपासणारेही तिच्या कक्षेत येतात.

▪ विद्यार्थ्याची बाजू : आरोप म्हणजे दोष नव्हे. शिक्षेपूर्वी आरोप कळवणे आणि म्हणणे मांडू देणे आवश्यक. गडचिरोलीच्या टोकाच्या तालुक्यांतून सुनावणीला येणाऱ्यासाठी तो दिवसभराचा प्रवास ठरतो.

▪ प्रबंधातील वाङ्मयचौर्य : यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम वेगळे. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 10 ते 40 टक्के : सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध. 40 ते 60 : सुधारित प्रबंध सादर करण्यास वर्षभर मनाई. त्यापुढे नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत.

▪ गल्लत नको : केंद्राचा 2024 चा पेपरफुटीविरोधी कायदा संघ लोकसेवा आयोग, रेल्वे, राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) यांसारख्यांच्या परीक्षांसाठी आहे. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा त्यात नाहीत. राज्याचा 1982 चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा मात्र विद्यापीठ परीक्षांनाही लागू होतो.