घरच्या घरी पत्त्यांचा खेळ

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या खेळात प्रत्येक अवताराची 12 पाने असतात. दहा अवतारांची मिळून 120. खेळता खेळता अवतार मुलांच्या मनात ठसतात.

हीच रचना चांदूर बाजारच्या पालक-शिक्षकांस उपयोगी पडेल. जुन्या पुठ्ठ्याची 16 सारखी पाने कापावीत. कापूस, तूर, ज्वारी व संत्रा यांच्या वाढीची प्रत्येकी चार चित्रे मुलांकडूनच काढवून घ्यावीत. जसे सरकी, पऱ्हाटी, फूल, बोंड. चौघांत पाने वाटून प्रत्येकाने एकाच वेळी एक पान डावीकडे द्यावे. एका पिकाची चारही पाने जुळवून त्यांचा क्रम बरोबर सांगेल, तो विजयी.

संत्र्यापाशी मूल अडेल; कारण तेथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. हे उत्तर आपण सांगू नये. मुलाने ते बागायतदारास विचारून आणावे व मगच पान रंगवावे.