चिमणाबाईंचा धडा आणि चिकूची वाइन

बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांनी १९१४ साली त्या शहरात स्त्री-उद्योगालय काढले, तेव्हा घरंदाज बाईने पैशासाठी काम करावे ही कल्पना समाजाच्या पचनी पडलेली नव्हती. बाई राबत नव्हती असे नव्हे. त्या राबण्याचे मोल तिच्या हाती पडत नव्हते. शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ अशी घरातलीच कामे शिस्तीने शिकवावीत आणि त्यांतून बाईला चार पैसे मिळवून द्यावेत, हा या संस्थेमागील साधा विचार होता. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद चिमणाबाईंकडे आले, ते केवळ राजघराण्याच्या मानामुळे नव्हे.

हा जुना धडा आज उजळण्याचे कारण वेगळे आहे. स्त्रीने उद्योग करावा, हे आता सारेच मान्य करतात. पण तो उद्योग मद्याचा असेल तर? बडोद्यात हा प्रश्न उद्भवत नाही. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९६० साली नव्या गुजरात राज्याकडे आला आणि तेथे तो टिकला. मात्र बडोद्याहून मुंबईकडे येणारी गाडी उंबरगाव सोडून घोलवडला पोचली, की राज्य बदलते आणि कायदाही बदलतो. घोलवडशेजारी बोर्डी येथे प्रियांका सावे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हिल झिल वाइन्स हा उद्योग चक्क चिकूपासून वाइन तयार करतो. या पट्ट्यातील चिकूला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाने फळ टिकत नाही. पिकलेला चिकू कोणासाठी थांबत नाही, आणि बाजारात एकदम माल आला की बागायतदाराला पडेल त्या भावाने तो विकावा लागतो. अशा फळातील साखर किण्वाच्या साहाय्याने आंबवून टिकाऊ माल करणे, हे बागायतीला आधार देणारे काम होय.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराचे ओझे बाईच्याच डोक्यावर येते. म्हणूनच महाराष्ट्रातील कित्येक गावांत स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरविले, तेव्हाही विरोधाचा आवाज उठला आणि तो निर्णय रखडला. वाइन भट्टीवर गाळलेली नसते, तिच्यात मद्यार्क कमी असतो, हे खरे. परंतु ती सरबत नव्हे, हेही तितकेच खरे. ‘शेतकऱ्याचे हित’ एवढे म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही.

तथापि आक्षेप घेणाऱ्यांनीही एका गोष्टीचा विचार करावा. या धंद्यात स्त्री आज नव्याने आलेली नाही. गोव्याच्या काजूबागांतून उन्हातान्हात बोंडू वेचणाऱ्या हातांत बायकांचे हात किती असतात, हे आपण पाहतोच. नाशिककडील द्राक्षमळ्यांतही बायका रोजंदारीवर खपतात. तेव्हा आपण सोवळे-ओवळे काढत नाही. बाई मजुरीऐवजी मालकी मागू लागली, की मगच नीतीचा प्रश्न आठवावा, हा न्याय नव्हे.

मजुरीपासून मालकीपर्यंतचा रस्ता मात्र विद्येतून जातो. वाइनच्या जाणकारांत सर्वोच्च मानली जाणारी ‘मास्टर ऑफ वाइन’ ही लंडनची परीक्षा १९५३ साली सुरू झाली. ती उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री १९७० साली पुढे आली. भारतातून हा मान प्रथम मिळाला तो २०१६ साली, आणि तो मिळविणाऱ्या सोनल हॉलंड या स्त्रीच आहेत. फळाची पारख, आंबवणीचे तापमान, पिंपांची स्वच्छता, चव आणि गंध यांचा अभ्यास, हिशेब व परवाने ही सारी शिकण्याची कामे आहेत. त्यांत स्त्रीला उणे ठरविणारे काहीच नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की किनारपट्टीच्या सरकारांनी फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणाचे वर्ग बागायतीच्या गावांतच काढावेत. बचतगटांना यंत्रसामग्रीसाठी कर्ज द्यावे, आणि परवाना बाईच्या नावाचा असेल तर व्यवहारही तिच्याच हाती राहील, याची खातरजमा करावी. ज्यांना मद्याचा व्यवसाय नको, त्यांना त्याच विद्येवर सरबत, सिरका वा मुरंबा करता येईल. गावात दुकान नको म्हणणाऱ्या बाईचे मत सरकारने जितके मोलाचे मानावे, तितकेच कारखाना काढू पाहणाऱ्या बाईचे कर्तृत्वही मानावे. दोघींची मागणी एकच आहे: आपल्या संसाराचा निर्णय आपल्या हाती असावा. चिमणाबाईंनी शतकापूर्वी बडोद्यात पेरले ते हेच.